पाणी कोठून आणले?

राजवाडा पाहावयास गेलेल्या मनुष्याची दृष्टी सामान्यतः प्रथम छतावरील नक्षीकडे, मग झुंबरांकडे आणि शेवटी, पाय दुखू लागले म्हणजे, बागेतील बाकाकडे वळते. परंतु जो सोलापुरात जन्मला आणि सोलापुरातच वाढला, ज्याने चैत्र-वैशाखात घागरींच्या रांगा पाहिल्या आणि नळाला पाणी केव्हा येणार या एका प्रश्नाभोवती अवघ्या घराचा दिनक्रम फिरताना अनुभवला, त्याला कोणत्याही प्रासादासमोर उभे करा, त्याच्या मुखातून पहिला उद्गार निघेल तो असा की, एवढे पाणी यांनी आणले कोठून? हा प्रश्न अरसिकपणाचा आहे असे कोणी म्हणेल. आमचे मत उलट आहे. राजवाड्याच्या भिंती राजाला काय आवडत होते एवढेच सांगतात. त्याचे हौद, पाट आणि कारंजी मात्र त्याची सत्ता कशी चालत होती, कोणाच्या श्रमावर चालत होती आणि निसर्गाशी तिचे नाते काय होते, हे सारे सांगून टाकतात. म्हणून हा एकच सोलापुरी प्रश्न आम्ही दोन ठिकाणी विचारणार आहोत: एकदा फ्रान्सच्या राजांच्या व्हर्साय येथील जगद्विख्यात प्रासादाला आणि एकदा आमच्या शहरापासून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरांवर, हैदराबादच्या रस्त्याला असलेल्या नळदुर्गच्या पाणी महालाला.

व्हर्सायची हकीकत अशी. पॅरिसच्या नैर्ऋत्येस एका रानवट, पाणथळ भागात तेराव्या लुईने १६२३ साली शिकारीच्या मुक्कामापुरते एक लहानसे घर बांधले. पित्याच्या या घरावर पुत्राचा, चौदाव्या लुईचा, असा काही जीव जडला की १६६१ पासून पुढे त्याने तेथे बांधकामाचा जो सपाटा लावला तो त्याच्या दीर्घ कारकीर्दीत जवळजवळ थांबलाच नाही, आणि ६ मे १६८२ रोजी आपला सारा दरबार, सरदार, मुत्सद्दी, दफ्तरे आणि कारकून यांच्यासह तो कायमचा तेथे राहावयास गेला. वास्तूचे काम प्रथम ल व्होने व नंतर आर्दुआँ-मांसारने पाहिले. आणि बाग उभी केली ती आंद्रे ल नोत्र याने, ज्याचा बापही राजाच्या पदरी माळीच होता. ही बाग म्हणजे आपण ज्याला बाग म्हणतो त्याहून अगदी निराळी वस्तू होय. तेथे झाड मनास येईल तसे वाढत नाही, वाट मनास येईल तशी वळत नाही. महालाच्या मध्यातून निघालेली एक अक्षरेषा ताटवे, हौद आणि हिरवळ यांना बरोबर दुभागीत सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या कालव्यातून थेट क्षितिजापर्यंत जाते, आणि तिच्या दोहो बाजूंस कातरलेल्या वृक्षांच्या भिंती कवायतीस उभ्या केलेल्या शिबंदीप्रमाणे स्तब्ध राहतात. भूमितीचा ग्रंथ कोणी मातीत लिहून काढावा, तसे हे काम आहे. राजाला त्याचा अभिमान एवढा की, ही बाग पाहुण्यांस कोणत्या क्रमाने दाखवावी, कोठे थांबावे, कोठे वळावे आणि कोणत्या जागेवरून काय न्याहाळावे, याची टाचणे त्याने स्वतः तयार केली होती. पाहणाऱ्याच्या पावलांवरही हुकूम चालविणारा असा यजमान विरळाच.

आता आमचा प्रश्न. या बागेत हौद अनेक आणि पाण्याच्या धारा हजाराहून अधिक. पण व्हर्सायला नदी नाही. जवळची तळी उपसली, दूरच्या पठारावरचे पावसाचे पाणी चरांनी गोळा केले, तरी सर्व कारंजी एकाच वेळी उडविण्याएवढे पाणी काही पुरेना. तेव्हा एक तोड काढण्यात आली, जी आम्हां सोलापूरकरांस ऐकताक्षणीच ओळखीची वाटावी: पाळीपाळीने पाणी! राजाची स्वारी बागेत फिरावयास निघाली म्हणजे पाणक्यांनी जागोजागी दबा धरून राहावे, स्वारी जवळ आली की शीळ घालून पुढच्यास इशारत द्यावी, त्याने चावी फिरवून कारंजे सुरू करावे, आणि स्वारी वळणाआड होताच मागच्याने ते बंद करावे. सूर्याची उपमा स्वतःस घेणाऱ्या या सम्राटाच्या पाठीमागे, तो पाठ फिरवी त्या क्षणी, त्याची कारंजी एकामागून एक मरत असत, आणि हे त्याच्याखेरीज सर्वांस दिसत असे.

या उणिवेवर मात करण्यासाठी १६८१ ते १६८४ या काळात सीन नदीवर मार्ली येथे एक प्रचंड यंत्र बसविण्यात आले. नदीच्या प्रवाहाने फिरणारी १४ अजस्र चाके आणि त्यांनी चालविलेले दोनशेंहून अधिक पंप, अशा या यंत्राने सीनचे पाणी तीन टप्प्यांत दीडशे मीटरांहून अधिक उंच टेकडीवर चढविले. त्याचा खडखडाट आसमंतात घुमे, आणि त्याचे सांधे नित्य निखळत असल्याने सुतार, लोहार व कारागीर यांची फौज त्याच्यापाशी तैनात ठेवावी लागे. त्यानेही भागेना, तेव्हा १६८५ साली दूरच्या अर नदीचे पाणीच कालव्याने आणण्याचा घाट घातला गेला. हजारो सैनिक कुदळी-फावडी देऊन त्या कामाला जुंपले. दलदलीतील हिवतापाने त्यांतील कित्येक मेले. आणि १६८८ मध्ये युद्ध उद्भवल्याने उरलेल्यांना आघाडीवर धाडून ते काम अर्ध्यावर सोडून देण्यात आले. मँतनाँ येथे त्या पाटाच्या कमानींचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. त्यांच्यावरून पाण्याचा एक थेंबही व्हर्सायला कधी गेला नाही.

आता सोलापूरकडे वळू. आमच्या नगराची मूळ संपत्ती म्हणजे राजवाडा नव्हे, तळे होय. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या नावाशी ते निगडित आहे, आणि मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज मिरवितात ते त्याच सत्पुरुषाच्या स्मरणार्थ. पुढे बहामनी अमलात येथे भुईकोट किल्ला झाला तो या तळ्याच्या कुशीत. त्याच्या एका अंगास खंदकाऐवजी तळ्याचेच पाणी राखणीस उभे राहिले. या किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही कित्येक पिढ्या भांडल्या, कारण आदिलशाहीची राजकन्या १५२४ च्या सुमारास अहमदनगरास दिली तेव्हा सोलापूर आंदण देण्याचे कबूल झाले होते, पण ते हवाली काही झाले नाही. अखेर तालिकोटच्या लढाईपूर्वी निजामशाहीची चांदबीबी विजापुरास सून म्हणून गेली तेव्हा, तोवर निजामशाहीच्या हाती गेलेला हाच किल्ला उलट दिशेने आंदण म्हणून गेला. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला. इंग्रजी अमलात १८७१ साली आदिला नदीवर एकरूखचा, म्हणजे लोकांच्या तोंडी हिप्परग्याचा, तलाव पुरा झाला आणि शहराला पुढे कित्येक दशके त्याने पाणी पाजले. तात्पर्य, या मुलखात पाणी अडविणाऱ्यास पुण्य आणि पाणी अडवून बसणाऱ्यास बळ मिळत आले आहे; पाणी उडविण्याची चैन येथे कोणाला परवडली नाही.

असे असता, याच मुलखात एका बादशहाने पाण्याचा महाल बांधला, ही गोष्ट कुतूहल वाढविणारी आहे. तुळजापूरच्या बाजूने येणारी बोरी नदी भीमेकडे जाताना नळदुर्गापाशी काळ्या कातळाच्या एका पठाराला वळसा घालते. या पठारावर नळ राजाने दुर्ग वसविला आणि त्यावरून गावाला नाव पडले अशी लोकांची श्रद्धा आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा संबंधही सांगितला जातो. पण आज दिसणारी भक्कम दगडी तटबंदी मुख्यत्वे आदिलशाहीची. बुरूज ११४ मोजले जातात. त्यांतला उंच उपळ्या बुरूज चढून गेले म्हणजे लांब पल्ल्याच्या तोफा आणि चौफेर पसरलेला मुलूख एका दृष्टिक्षेपात येतो. पाकळ्यांसारख्या नऊ फुगवट्यांचा नवबुरूज पाहिला म्हणजे मात्र हे काम निव्वळ तोफखान्याच्या माणसाचे नव्हे, यात कोणी सौंदर्याचा भोक्ता सामील होता, अशी शंका येते.

ती शंका खरी ठरते. १५८० ते १६२७ पर्यंत विजापूरच्या तख्तावर असलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा हा दख्खनच्या इतिहासातील एक विलक्षण पुरुष होऊन गेला. गायन-वादनात तो रंगून जाई, नवरसांवर त्याने दख्खनी भाषेत ग्रंथ रचला, विजापूरजवळ वसविलेल्या नव्या नगराला त्याने नाव दिले तेही नौरसपूर, आणि प्रजा त्याला ‘जगद्गुरू’ म्हणे. नळदुर्गचा मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांच्यामधून बोरीचा प्रवाह घेऊन, दोहोंना सांधणारा एक प्रचंड दगडी बंधारा त्याच्या अमलात, इसवी सन १६१३ मध्ये, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यविशारदाने उभा केला. बंधाऱ्याने एकाच वेळी चार कामे साधली: किल्ल्याला बारमाही पाणी मिळाले, तटाखाली खोल जलाशय होऊन शत्रूची वाट बंद झाली, दोन्ही किल्ल्यांमध्ये ये-जा करण्यास पूल झाला, आणि चौथे काम असे की, त्या भिंतीच्या पोटात मीर इमादीनने एक महाल दडविला.

हा महाल बाहेरून दिसत नाही. बंधाऱ्याच्या माथ्यावरून चालत असता पायाखाली राजनिवास आहे याची कल्पनाही येत नाही. मग भिंतीच्या गाभ्यात उतरणारा एक अरुंद जिना लागतो, उजेड कमी होत जातो, दगडाचा गारवा अंगाला भिडतो, आणि अकस्मात कमानींची एक सुबक, नक्षीदार दालनपंक्ती समोर येते, जिच्या गवाक्षांतून खाली नदीचे पात्र दिसते. बोरीला पूर आला की बंधाऱ्याच्या माथ्यावर मुद्दाम कोरून ठेवलेल्या दोन सांडव्यांतून पाणी महालाच्या दोन्ही अंगांनी कोसळते. या दोन धबधब्यांना लोकांनी नावे दिली आहेत नर आणि मादी. जणू ते दगडावरून पडणारे पाणी नसून गावातले एक जोडपेच आहे. आत बसलेल्या माणसाच्या डाव्या-उजव्या हाताला नदी पडत असते, तिचे तुषार गवाक्षात येतात, तिचा नाद भिंतींतून घुमतो, आणि महालाच्या फरशीवर मात्र पाणी येत नाही. खालच्या अंगास पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या जात्याची जागा दाखवितात. म्हणजे वरती बादशहाचे रंजन होत असता खाली त्याच धारेने शिबंदीचे पीठ दळले जाई. येथे एक फारशी शिलालेख आहे. या वास्तूच्या दर्शनाने मित्रांचे डोळे निवावेत आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी यावी, असा त्याचा आशय सांगतात.

व्हर्सायच्या पहिल्या शिकारखान्याचा पाया घातला गेला त्याच्या दहा वर्षे आधी आणि मार्लीचे यंत्र फिरू लागले त्याच्या सत्तर वर्षे आधी हे घडले होते. दोन्ही ठिकाणी राजाची इच्छा एकच: पाण्याने आपल्यासाठी नृत्य करावे. पण पाण्याचा स्वभाव खाली जाण्याचा. चौदाव्या लुईने त्याला वर चढावयास फर्माविले. त्याकरिता १४ चाके, शेकडो पंप, हजारो शिपाई आणि खजिन्यातील अगणित द्रव्य लागले, आणि एवढे करून धारा उडाल्या त्या स्वारी समोर असेतो. मीर इमादीनने पाण्याला त्याच्या वाटेनेच जाऊ दिले, फक्त ते कोठून पडेल एवढे ठरविले, आणि बादशहाला नेऊन त्या पडण्याच्या मधोमध बसविले. तेथे पाणी चढविणारे चाक नाही, पंप नाही, शीळ घालणारा पाणक्या नाही. त्या यंत्रणेत झिजून बदलावा लागेल असा भागच नाही, कारण दगड आणि उतार यांखेरीज तिच्यात काही नाही.

या भेदाचे श्रेय एकट्या बुद्धीला देणे मात्र न्यायाचे होणार नाही. त्यात आभाळाचाही वाटा आहे. फ्रान्सच्या त्या भागात पाऊस बारा महिने रिमझिम पडतो, नद्या संथ वाहतात आणि एकदम लोंढा असा क्वचितच येतो, तेव्हा पाणी उंचीवरून पडताना पाहावयाचे तर ते उंच नेणे भागच होते. आमच्याकडे वर्षाचा सारा पाऊस चार महिन्यांत, आणि त्यातलाही बराचसा चार रात्रींत पडतो. आठ महिने कोरडी ठणठणीत असलेली नदी एका उत्तररात्री काळेभोर पाणी घेऊन गर्जत येते. अशा नदीवर हुकूम चालत नाही, तिच्याशी तह करावा लागतो. नळदुर्गचा बंधारा हा तसा एक तह आहे: महापूर येणार हे गृहीत धरून, त्याला दोन दारे मोकळी ठेवून, उरलेल्या पाण्यावर आपला हक्क सांगणारा. तसेच, नळदुर्ग हा विलासासाठी बांधलेला नव्हे, लढण्यासाठी बांधलेला. आणि त्याचे चिरे वाहून आणणाऱ्या मजुरांची नावे शिलालेखात नाहीत, जशी अर नदीकाठी मेलेल्या शिपायांची नावे व्हर्सायच्या सोनेरी दालनांत नाहीत. एवढे मान्य करूनही आम्ही म्हणतो की, मुख्य कामात उपयोग साधून उरलेल्या कोपऱ्यात शोभा बसविणे, हा दख्खनी रीतीचा विशेष येथे लखलखीत दिसतो.

ज्यांना ही रीत साधली नाही त्यांचे काय झाले, हे पाहावयास फ्रान्सला जाण्याची गरज नाही. अहमदनगरचा फराहबाग हा निजामशाहीचा रंगमहाल मोठ्या हौदाच्या मध्यभागी उभारला होता, आणि त्यासाठी लांबून खापरी नळांनी पाणी आणले होते. नळ राखणारे राज्य बुडाले, नळ फुटले, हौद आटला. महालाचा अष्टकोनी सांगाडा आज कोरड्या जमिनीवर उभा आहे. दुरून आणलेले पाणी आणणाऱ्याच्या सत्तेएवढेच जगते.

राज्ये तर व्हर्साय आणि नळदुर्ग दोन्हीकडची गेली. ६ ऑक्टोबर १७८९ रोजी भाकरीसाठी पॅरिसहून चालत आलेल्या स्त्रियांच्या जमावाने फ्रान्सच्या राजाला व्हर्सायमधून नेले, आणि तो पुन्हा तेथे आला नाही. १८३७ मध्ये त्या वाड्याचे पदार्थसंग्रहालय झाले. १८७१ मध्ये त्याच्याच आरसेमहालात, ३५७ आरशांच्या साक्षीने, जर्मनांनी आपले साम्राज्य जाहीर केले, आणि २८ जून १९१९ रोजी त्याच दालनात पराभूत जर्मनीला तहावर सही करावी लागली. त्या तहावर हिंदुस्थानच्या नावाने भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सह्या केल्या. नळदुर्ग १६८६ मध्ये विजापुराबरोबर मोगलांकडे आणि पुढे निजामाकडे गेला. १८५३ च्या तहाने काही वर्षे इंग्रजांच्या कारभारात आला, तेव्हा फिलिप मेडोज टेलर हा ठगांच्या कहाणीने प्रसिद्धीस आलेला लेखक येथे मुलकी अंमलदार म्हणून राहिला, आणि त्याचा बंगला किल्ल्यात आजही दाखवितात. १८६० साली हा मुलूख निजामाला परत मिळाला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाविरुद्ध सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती आल्याने हैदराबादचा रस्ता मोकळा झाला.

या सर्व उलथापालथीत ज्याचा मुक्काम हलला तरी मान हलला नाही असा नळदुर्गचा धनी एकच, तो म्हणजे खंडोबा. शेजारच्या अणदूरकरांशी ठरलेल्या लेखी कराराप्रमाणे देव सुमारे सवादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात राहतो. पौष पौर्णिमेची यात्रा नळदुर्गची. चौदाव्या लुईने दरबार हलविला तेव्हा पॅरिसला कोणी विचारले नव्हते. आमचा देव दरवर्षी बिऱ्हाड हलवितो तो दोन गावांच्या संमतीने, कागद करून.

अलीकडे किल्ल्याची डागडुजी झाली आहे, आत हिरवळ आणि फुलझाडे आली आहेत, आणि नर-मादी सुरू झाल्याची वार्ता श्रावण-भाद्रपदात शहरात पोहोचली की सोलापूरकर डबे घेऊन हैदराबाद रस्त्याला लागतात. त्यांचा हा आनंद रास्त आहे. तथापि ज्या वाचकाला पाणी महाल खऱ्या अर्थाने पाहावयाचा असेल त्याने एकदा वैशाखातही तेथे जावे, असे आम्ही सुचवितो. त्या वेळी तुषार नसतात, गर्दी नसते; सांडव्यांचे कोरडे पाट, चिऱ्यांचे सांधे, पाण्याला वळण देणाऱ्या कडा आणि भिंतीचा उतार ही सारी मीर इमादीनची अक्षरे तेव्हाच स्पष्ट वाचता येतात, आणि आमच्या सोलापुरी प्रश्नाचे उत्तरही तेथेच मिळते: त्याने पाणी कोठूनच आणले नाही, ते येणार होते त्या जागी तो आधी जाऊन बसला.

व्हर्सायची कारंजी आजही ठराविक ऋतूत, ठराविक वारी, तिकीट काढलेल्या लोकांसाठी संगीताच्या साथीवर उडतात. नर-मादीचे वेळापत्रक नाही. ज्या वर्षी बोरी भरत नाही, त्या वर्षी पाणी महाल कोरडा राहतो.